जंगल कोणाचं, जमीन कोणाची? महाराष्ट्रातल्या वनजमिनींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभांच्या बैठकांत, फोनवर आणि निरोपांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष दावा किंवा खटला असेल तर आपली कागदपत्रं घेऊन जाणकार वकिलाला भेटा. हे पान त्याची जागा घेऊ शकत नाही.

1. जंगल नेमकं कोणाचं? वनखात्याचं, महसूलचं की गावाचं?

महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे 20 टक्के जमीन, म्हणजे 61 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, सरकारदफ्तरी ‘वन’ म्हणून नोंदलेली आहे. मालकी राज्य शासनाची. तिचा मोठा भाग वनखात्याकडे आहे, काही महसूलकडे, काही वनविकास महामंडळाकडे. झाडांनी खरोखर झाकलेलं क्षेत्र याहून कमी, 16-17 टक्क्यांच्या घरात आहे, आणि त्यातलं काही तर नोंदलेल्या वनाच्या बाहेर आहे. कागदावरचं जंगल आणि डोळ्यांना दिसणारं जंगल वेगवेगळं असल्यामुळेच पुढचे बहुतेक वाद होतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर (जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा) तिसरा दावेदारही कायद्याने उभा राहिला आहे, तो म्हणजे ग्रामसभा (प्रश्न 12).

2. राखीव वन आणि संरक्षित वन यांत फरक काय?

भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये तीन प्रकार आहेत. राखीव वनात ज्याची परवानगी नाही ते सगळं बंद असतं. संरक्षित वनात जे स्पष्टपणे बंद केलेलं नाही ते चालतं. तिसरा प्रकार ग्रामवन (कलम 28). शासनाने राखीव वन गावाच्या स्वाधीन करायचं, अशी ही तरतूद. 1927 पासून ती पुस्तकात आहे, पण आपल्याकडे ती फारशी कुणी वापरली नाही. महाराष्ट्राने 2014 साली ग्रामवनांचे नियम केले तेव्हा केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानेच हरकत घेतली. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जे थेट मिळतं, तेच खात्याच्या मेहेरबानीने द्यायचा हा घाट आहे, असा आक्षेप होता.

आपलं वन कुठल्या प्रकारात आहे हे वनरक्षकाच्या तोंडी सांगण्यावरून ठरवू नका. कलम 4 ची अधिसूचना म्हणजे फक्त राखीव करण्याचा इरादा. कलम 20 ची झाली तरच राखीव. दोन्हींच्या मध्ये हक्कांची चौकशी करून निवाडा व्हायला हवा. कलम 4 नंतर पुढे काहीच न झालेली प्रकरणं आजही सापडतात.

3. हे सगळं इंग्रजांनी सुरू केलं असं म्हणतात. मग त्याआधी जंगलावर कुणाची सत्ता नव्हती का?

होती. राजांनी आरमारासाठी सागवान राखलं, किल्ल्यांच्या आसपासची झाडी राखली, डोंगरपट्ट्यांत भिल्ल आणि कोळी नाईकांचा अंमल चालला. पण गवत, सरपण, मोह, चराई ही गावाची रोजची सोय होती. तिला हात लावायची कुणाला गरज वाटली नव्हती.

इंग्रजांना जहाजबांधणीसाठी सागवान हवं होतं. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि मग रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची भूक वाढतच गेली. 1864 साली डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. 1865 मध्ये पहिला वन कायदा आला आणि 1878 मध्ये त्याहून कडक दुसरा. गावकऱ्यांचा जंगलातला वापर हा हक्क आहे की सरकारने दिलेली सवलत, यावर तेव्हा अधिकाऱ्यांतच वाद झाला. ब्रँडिस गावाला थोडी जागा ठेवण्याच्या बाजूचा होता. बेडन-पॉवेलसारखे अधिकारी मात्र संपूर्ण सरकारी मालकीच्या बाजूचे होते, आणि त्यांचीच सरशी झाली.

मराठी माणसं यावर गप्प बसली नव्हती. पुणे सार्वजनिक सभेने 1878 च्या कायद्याला हरकत घेतली. गावाला विश्वासात घेतलं तर जंगल अधिक नीट राखलं जाईल, असं सभेचं म्हणणं होतं. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर आसूड ओढले, कारण डोंगर आणि कुरणं खात्याने गिळल्यावर गरिबाने ढोरं चारायची कुठे? 1930 मध्ये गोष्ट रस्त्यावर आली. 10 जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. सांगलीकडे बिळाशी, नाशिककडे बागलाण, नगरकडे संगमनेर पेटलं. 25 सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला गोळीबार होऊन माणसं मेली. शाळेत आपण मीठ शिकतो. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात त्या वर्षी लोकांनी मोडला तो मुख्यतः जंगल कायदा.

4. मग स्वातंत्र्यानंतर तरी काय बदललं?

सुरुवातीला फार थोडं. 1927 चा कायदा तसाच राहिला. 1952 च्या वननीतीने ‘राष्ट्रीय गरज’ गावाच्या गरजेच्या वर ठेवली. 1974 मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ निघालं, मिश्र जंगल तोडून सागवान लावण्यासाठी. पूर्व विदर्भातला बांबू कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी स्वस्तात गेला, आणि त्याच बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना मोजून काड्या मिळाल्या. 1976 च्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. त्यामुळे 1980 चा वन (संवर्धन) कायदा करून दिल्लीला वनजमीन वळवण्यावर लगाम घालता आला.

गावाची गरज आधी, कारखान्याची नंतर, असं सरकारने पहिल्यांदा कागदावर म्हटलं ते 1988 च्या वननीतीत. नीती म्हणजे कायदा नव्हे. कायद्यात उतरायला आणखी 18 वर्षं गेली.

5. आमच्या गटात एकही झाड नाही, तरी तलाठी म्हणतात ‘वन’. हे कसं?

12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशामुळे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1980 चा कायदा दोन्ही प्रकारच्या जमिनींना लागू आहे: मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते, आणि सरकारी नोंदीत जे ‘वन’ म्हणून लिहिलेलं आहे ते. तुमची जमीन दुसऱ्या दाराने आत आली. झाड नसलं तरी नोंद आहे. अशा जमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते.

2023 मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती करून त्याचं नावही बदललं आणि नोंदीत नसलेली जंगलं कक्षेबाहेर काढण्याचा प्रयत्न केला. त्यावर 19 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की तूर्त 1996 चाच अर्थ चालवा. म्हणून ‘नवा कायदा आला, आता मोकळं झालं’ असं सांगणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

6. झुडपी जंगल म्हणजे वन का? आमचं घरच त्यावर आहे.

हा प्रश्न नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतून येतो, दुसरीकडून नाही. मालगुजारीच्या (जमीनदारीच्या) काळात गावाच्या निस्तारासाठी (सरपण-गवतासारख्या गरजांसाठी), चराईसाठी सोडलेली ही खुरटी, मुरमाड जमीन. मालगुजारी गेल्यावर ती सरकारजमा झाली. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, आणि महसुली दफ्तरातली ‘झुडपी जंगल’ ही नोंद तशीच सोबत आली. त्या जमिनीवर पुढे शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, वस्त्या उभ्या राहिल्या. 1996 च्या आदेशानंतर ते सगळं एका रात्रीत वनजमिनीवरचं बांधकाम ठरलं.

22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्यांना जमीन दिली, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी, आणि अशा प्रकरणांत पर्यायी वनीकरणाचा किंवा वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याचा (एनपीव्ही) भार लावू नये. त्यानंतरच्या वाटपाला ही सवलत नाही; उलट नियम मोडून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे वाटपाच्या आदेशाची तारीख शोधणं. फक्त घरपट्टीची पावती पुरेशी समजू नका.

7. सातबारावर अचानक ‘खाजगी वने’ असा फेरफार आला आहे. जमीन तर आजोबांपासून आमची आहे.

1927 च्या कायद्याच्या कलम 35(3) खाली 1950 च्या दशकात ठाणे, कुलाबा (आताचा रायगड), मुंबई उपनगर अशा भागांत मालकांच्या नावे नोटिसा निघाल्या होत्या: तुमच्या जमिनीवरची तोड का थांबवू नये, याचं म्हणणं मांडा. बहुतेक नोटिसांवर पुढे काहीच झालं नाही. मग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 आला. 30 ऑगस्ट 1975 रोजी सगळी खाजगी वनं शासनाकडे निहित (म्हणजे शासनाच्या मालकीची) झाली, आणि ‘खाजगी वन’ या व्याख्येत नोटीस निघालेली जमीनही धरली गेली. हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. तीस वर्षांनी जुनी रजिस्टरं चाळली गेली आणि सातबारावर फेरफार चढू लागले. तोवर मुंबईच्या उपनगरांत त्या जमिनींवर मंजूर नकाशांच्या इमारती उभ्या राहून लोक राहायलाही गेले होते.

उच्च न्यायालयात 2008 मध्ये शासन जिंकलं. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 ला, गोदरेज अँड बॉइस प्रकरणात, तो निकाल फिरवला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली हवी. आणि दशकानुदशकं झोपलेली नोटीस 1975 मध्ये जिवंत होती असं धरता येत नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत विचारायचं ते असं: नोटीस खरंच बजावली का? तिचा पुरावा आहे का? राजपत्रात कलम 35(1) ची अंतिम अधिसूचना निघाली का? 1975 मध्ये ताबा कुणाचा होता? माहिती अधिकारात नोटिशीची प्रत आणि बजावणीची पावती मागा. अनेकदा प्रत मिळते, पावती मिळत नाही. छोट्या खातेदारांना जमीन परत देण्याची तरतूदही 1975 च्या कायद्यात नंतर आली (कलम 22-अ), तीही तपासा. हा निकाल सगळ्यांना सरसकट सोडवतो असं मात्र नाही. जिथे अंतिम अधिसूचना निघालेली आहे तिथे वाट अवघड आहे.

8. गायरान ही वनजमीन आहे का? त्यावरचं आमचं अतिक्रमण वनहक्कात बसेल का?

साधारणपणे नाही. गायरान महसूल खात्याचं असतं, गावच्या चराईसाठी राखलेलं, आणि व्यवस्था ग्रामपंचायतीकडे. ते वन म्हणून नोंदलेलं नसेल तर वनहक्क कायदा लागत नाही. मराठवाड्यातली गायरानं हा वेगळाच इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यानंतर दलित कुटुंबांनी कसलेली गायरानं नियमित करण्यासाठी शासनाने 14 एप्रिल 1990 ही मर्यादा तारीख धरली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, पण भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे. नोटीस आली तर हा परिच्छेद दाखवा.

9. आम्ही आदिवासी नाही. वनहक्क कायद्यात आम्हाला काही मिळतं का?

मिळतं, पण अट कडक आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असाल तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, त्या भागात राहत आणि जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. हिशेब 1930 पर्यंत जातो. नेमका तोच तुकडा 75 वर्षं कसल्याचा पुरावा कायदा मागत नाही, केंद्रीय मंत्रालयानेही तसं स्पष्ट केलं आहे. तरी याच चुकीच्या वाचनावर गवळी, धनगर, कुणबी कुटुंबांचे दावे फेटाळले जातात. प्रत्यक्ष ताब्याइतकीच, कमाल 4 हेक्टर जमीन मिळते. सामूहिक हक्कात ही हेक्टरची मर्यादा नाही.

10. पुरावा काय लागतो? उपग्रह चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला.

निदान दोन पुरावे लागतात. त्यांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, स्मशान, देवस्थान, जनगणना किंवा वनखात्याची कागदपत्रं काहीही चालतं. सर्वांत पक्का पुरावा बहुतेक वेळा खात्यानेच दिलेला असतो: 1970-80 च्या दशकातली दंडाची पावती किंवा वनगुन्ह्याचा अहवाल. ज्या कागदाने आजोबाला गुन्हेगार ठरवलं, तोच आता नातवाचा हक्क सिद्ध करतो.

2012 च्या सुधारित नियमांत (12-अ) साफ म्हटलं आहे की उपग्रह चित्र हे इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांच्या जागी नाही. डोंगरउतारावरची नाचणी-वरईची पट्टी चित्रात सहज हरवते. फेटाळल्याचं लेखी कारण मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं. 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालचे अधिकार वापरून ही सोय केली. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कलम 4(5) नुसार कुणाला हुसकता येत नाही.

11. पट्टा मिळाला. आता विकता येईल? कर्ज मिळेल?

विकता येत नाही, वारसाने मिळतो. नवराबायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे असतो. नसेल तर दुरुस्ती मागा. कर्जाची अडचण सातबाऱ्यामुळे होते. नाव ‘इतर हक्क’ रकान्यात लागतं, कब्जेदार सदरी वनच राहतं, आणि बँकेचा माणूस वरचा रकाना वाचून मान हलवतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनहक्क अग्रभागी होते.

12. सामूहिक वनहक्क म्हणजे नेमकं काय? मेंढा-लेखाला वेगळं काय मिळालं?

दोन गोष्टी एकत्र बोलल्या जातात. एक, वापराचे हक्क: गौण वनउपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं, जसं बांबू, तेंदूपानं), चराई, पाणी. दुसरी, कलम 3(1)(झ) मधला अधिकार: गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखणं, वाढवणं, त्याचं व्यवस्थापन करणं. दुसरी मोठी आहे. पहिलीने गाव जंगलातला ग्राहक राहतं, दुसरीने कारभारी होतं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा जुनी आहे: ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा ही तिथली रीत. शेजारच्या मर्दा गावासोबत मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांत. पण कागद हाती आला तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना खातं देईना. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. 2012 च्या नियमांनी तो अधिकार सगळ्या ग्रामसभांना मिळाला. आज एकट्या गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक हक्क आहेत, इतके दुसऱ्या जिल्ह्यात क्वचितच. अमरावतीतल्या पायविहीरने उजाड टेकडी राखून सीताफळं विकली, चंद्रपुरातल्या पाचगावने बांबूवर गाव उभं केलं.

सगळीकडे असं झालेलं नाही. तेंदूच्या हंगामात ठेकेदाराशी एकट्याने सौदा करणाऱ्या ग्रामसभा फसल्या आहेत, पैसे बुडाले आहेत. ज्या ग्रामसभा एकत्र येऊन लिलाव करतात आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय पानं उचलू देत नाहीत, त्या तरतात.

13. बांबू आता झाड नाही असा कायदा झाला. मग जंगलातला तोडला तर चालेल?

नाही. 2017 ची दुरुस्ती वनाबाहेरच्या बांबूला आहे, म्हणजे तुमच्या बांधावरचा, परसातला. जंगलातल्या बांबूवर हक्क हवा तर तो वनहक्क कायद्याने, जिथे बांबू गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिला आहे (प्रश्न 12).

14. गावात आधीच संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे. नवी कशाला?

ती समिती शासन निर्णयातून जन्मली, सचिव वनपाल असतो आणि खातं ती बरखास्तही करू शकतं. वनहक्क कायद्यातली समिती ग्रामसभा नेमते, ग्रामसभाच काढते. दोन्ही एकाच जंगलावर असल्या की पैसा पहिलीकडे येतो आणि अधिकार दुसरीकडे असतो. बैठकीत हे उघड बोला.

15. अंगणवाडीला आणि रस्त्याला जागा हवी आहे, दिल्लीपर्यंत जायचं का?

नाही. कलम 3(2) खाली शाळा, दवाखाना, रस्ता, तलाव अशा 13 सोयींसाठी प्रत्येकी 1 हेक्टरपर्यंत जमीन मिळू शकते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ही तरतूद अनेक गावांना माहीतच नाही.

16. खाणीसाठी आमच्या जंगलाची मंजुरी निघाली. ग्रामसभेला विचारलंच नाही.

2009 च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली होती. 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि बारा ग्रामसभांनी नकार दिला. 2022 च्या वन (संवर्धन) नियमांनी क्रम बदलला: केंद्र आधी अंतिम मंजुरी देऊ शकतं, वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहायची. संमतीला ही बगल आहे, आमचं स्पष्ट मत. पण वनहक्क कायदा स्वतः बदललेला नाही. हक्क प्रलंबित असल्याचा ठराव, तारखेसह, मंजुरी येण्याच्या आधीच दफ्तरी लावून ठेवा. मागाहून केलेला ठराव फार दुबळा पडतो.

17. गोव्यात हेच नियम लागतात का?

केंद्रीय कायदे तेच, पण खाजगी वन ओळखायची रीत वेगळी. किमान 5 हेक्टर सलग क्षेत्र, 75 टक्के वनवृक्ष आणि निदान 40 टक्के छत्र, असे निकष तिथे वापरले जातात. काजूची बाग यात येते का, यावरून वाद होतात. शिवाय कोमुनिदादच्या (गावकीच्या सामाईक) जमिनी हा पोर्तुगीज काळापासूनचा स्वतंत्र विषय आहे. त्यांना गायरानाचं उत्तर (प्रश्न 8) लावू नका.

18. आमच्या देवराईची नोंद महसूलकडे आहे, पुजारी म्हणतो देवस्थानची, वनखातं म्हणतं आमची. कुणाचं खरं?

बहुतेक वेळा कागदावर महसूल किंवा वन यांपैकी कुणाचंतरी, आणि कोकणात काही ठिकाणी देवस्थान किंवा गावकऱ्यांच्या सामाईक नावावर. देव मालक म्हणून लागला असेल तरी त्याने 1980 च्या कायद्यातून सुटका होत नाही (प्रश्न 5). वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून त्यांचं जैविक मोल सर्वमान्य आहे, पण त्याने मालकी ठरत नाही. सभामंडप बांधायचा म्हणून चार जुनी झाडं तोडायची असतील, तर मंजुरी पुजाऱ्याने देऊन चालत नाही. राई वनजमिनीवर असेल तर सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्यात तिच्या सीमा वेगळ्या दाखवून ती जोडा आणि सभेच्या ठरावात तिचे नेम, म्हणजे कुऱ्हाड बंद, पालापाचोळाही न्यायचा नाही, जे काही असेल ते, लिहून काढा.